गॅरेजमध्ये छोटा स्टुडिओ करायचाय, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नेमकं काय करू?

बेसूर_बबन:
मंडळी, घराला लागून एका गाडीचं गॅरेज रिकामं पडलंय, त्यात रेकॉर्डिंगसाठी छोटा स्टुडिओ करायचं डोक्यात आहे. आतून ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद, उंची २.७ मीटर. तीन बाजूंना ९ इंची विटांची भिंत, दोन्हीकडून प्लास्टर, वर स्लॅब आणि समोर पत्र्याचं शटर. मुख्य काम गाणं, गिटार, व्हॉइसओव्हर, पण एक मित्र ड्रम वाजवतो आणि त्याला सुचतं ते रात्रीच. एका भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची बेडरूम आहे. ऑनलाइन बघायला गेलो तर कोणी म्हणतं फोमच्या शीट चिकटवा, कोणी अंड्याचे ट्रे, कोणी खोलीत खोली बांधा. डोकं पार भंजाळलंय. सुरुवात कुठून करू?

कानसेन:
अंड्याचे ट्रे आधी डोक्यातून काढ. फोमही आवाज बाहेर जायचा थांबवत नाही, तो आतला घुमारा कमी करतो, तोही वरच्या पट्टीतलाच. आवाज अडवणं वेगळं आणि खोलीतला आवाज सुधारणं वेगळं, लोक दोन्हीची खिचडी करतात आणि पैसे घालवून बसतात.

अडवायला लागतं वजन आणि हवाबंदपणा. आता वजन दुप्पट केलं की हिशोबाने फार तर ६ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) मिळतात, म्हणजे तुझी भिंत आत्ताच ५० डीबीच्या आसपास अडवत असेल तर तिला चिकटवून अजून एक तसलीच बांधण्यात काही राम नाही. तुझी खरी अडचण शटर आहे. हे गणित कोणाला पटत नाही पण बघ, भिंत ५० डीबी अडवणारी असली आणि एकूण क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का जागा उघडी राहिली तर सगळं मिळून जेमतेम २० डीबी अडतात. आणि शटरच्या कडेच्या फटी, वर शटर गुंडाळलं जातं ती जागा सगळं धरलं तर १ टक्का सहज होतो राव. जिथून पाणी झिरपेल तिथून आवाज जाणारच.

म्हणून शटर तसंच राहू दे (बाहेरून गॅरेजच दिसेल, आत महागडे माइक आहेत हे चोराला सांगायला नको) आणि आत पक्की भिंत घाल.

गवंडी_नं_१:
वरचं सगळं बरोबर, पण ड्रम असेल तर एवढ्याने भागणार नाही. ड्रमकिट खोलीत १०० ते ११० डीबी सहज करतं, त्यातून ५० वजा केले तरी शेजाऱ्यांच्या उशाशी ५०-६० उरतात. शिवाय ते ५० म्हणजे सरासरी झाली, खालच्या सुरांना भिंत त्याहून बरंच कमी अडवते आणि किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) दणका फरशीतून, स्लॅबमधून जातो तो वेगळाच.

मग खोलीत खोली. जुन्या भिंतीला कुठेही न टेकणारी फ्रेम, मध्ये ५ सेंमी मोकळी जागा, फ्रेममध्ये १०० मिमी रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), आणि १२.५ मिमी जिप्सम बोर्डाचे दोन थर फक्त आतल्या बाजूने, सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत आणि कडा न सुकणाऱ्या अकूस्टिक सीलंटने भरायच्या. छत या नव्या भिंतींवरच टेकवायचं. कामगारावर लक्ष ठेव, फ्रेम हलते म्हणून कोणीतरी हमखास जुन्या भिंतीला क्लॅम्प मारतो आणि मग कंपनाला पूल मिळाला, सगळा खर्च पाण्यात. आणखी एक, जुन्या भिंतीवर पट्ट्या मारून बोर्ड लावायचा आणि त्याच्या आत परत नवी भिंत असं करू नकोस. तीन पापुद्रे झाले की खालचे सूर उलट जास्त सुटतात.

रात्रपाळी:
मी म्हणते ड्रमच वगळा ना! गाणं आणि गिटारला नवी पुढची भिंत, चांगलं दार आणि फटी बंद एवढं पुष्कळ झालं. मित्राला इलेक्ट्रॉनिक किट द्या, फक्त त्याच्याही पेडलचा धपधप जमिनीतून जातो तेव्हा खाली जाड रबर मॅटचा प्लॅटफॉर्म हवा. आणि काहीही खर्च करायच्या आधी आत स्पीकरवर ड्रमचं रेकॉर्डिंग खऱ्या ड्रमएवढं मोठ्याने लावा आणि शेजाऱ्यांना सांगून त्यांच्या बेडरूममध्ये उभं राहून ऐका.

बेसूर_बबन:
ताई, आयडिया भारी आहे, शेजारचे काका तयार होतील बहुतेक. पण सगळं हवाबंद केल्यावर आत माणूस जगणार कसा? एसी लावला की झालं ना?

कानसेन:
नाही, स्प्लिट एसी आतलीच हवा थंड करून फिरवतो. दोन तास तीन माणसं बसली की कार्बन डायऑक्साइड वाढून डोकं जड होतं. ताज्या हवेसाठी सायलेन्सर बॉक्स करून घे, म्हणजे जाड प्लायचा खोका, आतून रॉकवूल आणि कापड, आणि हवेला नागमोडी वाट. एक आत येणाऱ्या हवेला, एक बाहेर जाणाऱ्या. डक्ट मोठा ठेव, हवा सावकाश गेली तर माइकमध्ये सूंऽऽ येत नाही. स्विचबोर्ड जिप्सम बोर्ड कापून आत बसवू नको, वरूनच लाव.

आणि मापाचंही बघ. ६ बाय ३ म्हणजे लांबी बरोब्बर रुंदीच्या दुप्पट, त्यामुळे ५७ हर्ट्झच्या खालच्या सुराला दोन्हीकडचा घुमारा एकावर एक बसतो आणि तेवढाच बेस फुगतो. आतल्या भिंतींनी रुंदी साधारण २.६५ होईल, मग लांबीही ४.६ पर्यंत आण. पुढे शटरमागे मीटरभर जागा उरेल, तिथे केबल, केस आणि आवाज करणारा कॉम्प्युटर ठेव. बेस ट्रॅप (खालचे सूर शोषणारे पॅनेल) कोपऱ्यात जाडजूड लागतील, २ इंची फोम तिथे काही कामाचा नाही.

बेसूर_बबन:
मग आत जायचं दार त्या मीटरभराच्या जागेतूनच ना? फ्लश डोअर चालेल का?

गवंडी_नं_१:
हो तिथूनच. भरीव असेल तर चालेल, पोकळ नको. चौकटीला चारी बाजूंनी गॅस्केट (फट बंद करणारी रबरी पट्टी) आणि खाली दार लावलं की आपोआप उतरणारी सील. ड्रम ठेवणारच असशील तर एकामागे एक दोन दारं, दोन वेगवेगळ्या चौकटींवर. पण आधी काकांकडे जाऊन ऐकून ये, मग दाराचं बोलू.