बसने पाहिलेली श्रीलंका – तुमच्या ग्रुप टूरचे किस्से टाका

मृद्गंधा :
आज ओटा पुसताना श्रीलंकेचं मडकं फुटलं. दह्याचं. तिकडे म्हशीचं दही मातीच्या पसरट भांड्यात मिळतं, वरून कितुल माडाचा काकवीसारखा पाक ओतून खायचं. 2018 मध्ये आईला घेऊन बस टूरला गेले होते. दही एका बैठकीत संपलं, रिकामं भांडं मात्र आईने पुढचे तीन दिवस बसमध्ये मांडीवर सांभाळलं. "टाकायचं कशाला, लसणीला होईल." तेव्हापासून लसूण त्यातच होती.

तुकडे गोळा करताना सिगिरिया आठवलं, तो उंच खडकावरचा किल्ला. टूर मॅनेजरने आधीच सांगितलं होतं, बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, गुडघेवाल्यांनी खाली बागेत बसा. आई तेव्हा 67. म्हणे, वाटेतल्या त्या सिंहाच्या पंजाच्या शिल्पापर्यंत येते, पुढे तू जा. आणि तिच्या सवयीप्रमाणे पायऱ्या मोठ्याने मोजायला लागली, दहा झाल्या की परत एकपासून. मागे शाळेची सहल होती, पांढरे गणवेश, घामाने चिकटलेल्या वेण्या. त्यातल्या एका मुलीने ऐकलं आणि आईच्या सुरात सूर मिळवून सिंहलीत सुरू झाली, एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट... आई "सात, आठ" म्हणते तर ही "हत, अट". आई थांबलीच. "अगं, ही आपलंच बोलतेय की, फक्त बोबडं!" पुढच्या पायऱ्या दोघींनी मिळून मोजल्या. पंजापाशी पोचून आई बसली ती खाली परतेपर्यंत हसत होती.

तुमचंही टाका. बसमधलं, बसबाहेरचं, काहीही.

नाना_डोंबिवली :
तुकडे टाकू नका. एम-सील लावा.

पुढचीसीट :
मी काही बोलू नये खरं तर पण विषय निघालाच आहे. आमच्या बसमध्ये रोज सीट बदलायची असा नियम, दोन रांगा मागे सरकायचं. एक जोडपं पहिल्या दिवशी पहिल्या सीटवर बसलं ते शेवटच्या दिवशी उठलं. काकूंना घाटात उलटी होते म्हणे. शेवटी नुवारा एलियाच्या घाटात उलटी मला झाली, शेवटच्या रांगेत. काकू पुढे भडंग खात होत्या.

सह्याद्रीची_लेक :
@पुढचीसीट 😂😂 भडंग! आमच्याकडे खाकरे होते. सात दिवस खाकरे.

त्या घाटात ती फुलं विकणारी मुलं कोणी पाहिली का? रंबोडाजवळ. एका वळणावर मुलगा फुलांचा गुच्छ घेऊन उभा. बस थांबत नाही. पुढच्या वळणावर तोच मुलगा. तेच दात, तीच फुलं. बस वळसा घालून येते आणि हा चहाच्या मळ्यातून आडव्या वाटेने खाली पळत आलेला. चौथ्या वळणावर अख्खी बस ओरडायला लागली, थांबवा थांबवा. ड्रायव्हरने थांबवली. गुच्छ घेतला कोणी? कोणीच नाही, सगळ्यांनी फोटो काढले. मग आमच्या टूर मॅनेजरनेच गुपचूप घेतला आणि संध्याकाळी ग्रुपमधल्या आजींच्या वाढदिवसाला दिला. मला अजून लाज वाटते.

तांबेरा :
मी सांगलीचा, द्राक्षवाला. आम्हाला चहाच्या कारखान्यात अर्धा तास दिला होता, मी दीड तास लावला, बस माझ्यामुळे थांबली, शिव्या खाल्ल्या. पण सांगतो. तिथं आधी कॉफी होती. कॉफीवर तांबेरा, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग, पडला आणि बागाच्या बागा गेल्या. त्याच्या थोडं आधीच, 1867 मध्ये जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने लूलेकोंडेरात चहाचा मळा लावला होता, म्हणून सगळे तिकडे वळले. तांबेरा म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा. गाईड बाईंना विचारलं फवारणी काय करायचे तेव्हा, त्या म्हणाल्या सर आपकी बस.
आणखी एक. पाकिटावर ऑरेंज पेको लिहितात त्यात संत्रं नसतं. आमच्या हिने दोन किलो घेतला, संत्र्याच्या वासासाठी.

भाऊचाधक्का :
त्या दोन किलोचं काय झालं मग 🤣

तांबेरा :
अजून आहे.

केळवेकरीण :
पोल संबोल! कोणीच कसं नाही लिहिलं. ओल्या खोबऱ्याची लाल चटणी, लिंबू पिळलेली, आप्प्यांबरोबर. आमच्या ग्रुपमधल्या एक कट्टर शाकाहारी मावशी रोज सकाळी वाटीभर घ्यायच्या, "ही एकच गोष्ट आपल्या चवीची". चौथ्या दिवशी मला वास लागला. आम्ही किनाऱ्यावरची माणसं, आमचं नाक फसत नाही. स्वयंपाकघरात जाऊन विचारलं तर उंबलकड. म्हणजे सुकवलेला मासा, कुटून घालतात. आता सांगायचं की नाही? नवऱ्याने डोळे वटारले. नाही सांगितलं. मावशी हे वाचत असतील तर सॉरी, पण तुम्हाला आवडली होती.

सह्याद्रीची_लेक :
पाप लागेल तुला 😂

केळवेकरीण :
पाप नवऱ्याला.

एकटाभटक्या :
मला ग्रुप टूर हा प्रकारच कळत नाही. साडेपाचला उठवतात, सहाला बॅगा दाराबाहेर, सातला नाश्ता, आठला बस. त्यापेक्षा लाल सरकारी बसने फिरा, लोक भेटतात.

मृद्गंधा :
@एकटाभटक्या तुमचं बरोबर आहे हो. पण आईला लाल बसमध्ये उभं ठेवून मी कोणते लोक भेटवू? शिवाय तिथले ऐंशीएक किलोमीटर म्हणजे घाटात तीन तास. बसमध्येच आईने मला तिच्या माहेरचं असं काही सांगितलं जे घरी चाळीस वर्षांत सांगितलं नव्हतं. खिडकीबाहेर बघत असली की माणसं बोलतात.

रिटायर्ड_आनंद :
माझा मुद्दा वेगळा आहे. आम्ही चार मित्र, चौघेही बँकेतले, प्रत्येकी एक खोका बरोबर. तिसरा दिवस कँडी. बुद्धाच्या दाताचं ते दंतमंदिर पाहिलं, पांढरे कपडे घातलेली एवढी गर्दी, कमळांच्या परड्या, वातावरण एकदम छान. मन प्रसन्न. संध्याकाळी हॉटेलात बसलो, मेनू मागितला. वेटर हात जोडून, सर, पोया. पौर्णिमा! पौर्णिमेला तिथे सरकारी सुट्टी आणि दारू विक्री बंद, बार बंद. चौघांनी थंबिली पिऊन पत्ते खेळले. थंबिली म्हणजे केशरी शहाळं. टूर ठरवताना पंचांग बघा, एवढंच.

भाऊचाधक्का :
काका "प्रत्येकी एक खोका" म्हणजे काय नक्की

रिटायर्ड_आनंद :
औषधांचा. बीपी शुगर.

गल्लीक्रिकेट :
गॉलचा किल्ला. बायका डच लोकांच्या गल्ल्यांत खरेदीला, आम्ही बाप्ये तटबंदीवर. तिथून क्रिकेटचं मैदान सरळ खाली दिसतं. 2010 मध्ये मुरलीधरनने आठशेवी विकेट इथेच घेतली, आपल्याच ओझाची, झेल जयवर्धनेचा. एका काकांनी तटावर उभं राहून मुरलीची ॲक्शन करून दाखवली, पाण्याच्या बाटलीने. बाटली गेली खाली. पहारेकरी आला. पुढचं लिहीत नाही.

माहेरवाशीण_पुणे :
रत्नांचं दुकान, मसाल्याची बाग, बाटिक, परत रत्नांचं दुकान. आमच्या टूरमध्ये सिगिरियाला अडीच तास आणि दुकानांना मिळून पाच. मसाल्याच्या बागेत सासऱ्यांच्या पाठीला तेल चोळून दिलं फुकट, मग साडेचार हजारांचं तेल विकत. ते तेल आता दाराच्या बिजागरीला घालतो, आवाज गेला. (बिजागरीचा.)

स्वाती_ठाणे :
व्हिसा ऑनलाईनच मिळतो ना? मार्चमध्ये जायचंय. कोणी सांगेल का स्वेटर लागतो का

सह्याद्रीची_लेक :
@स्वाती_ठाणे नुवारा एलियाला लागतो! सहा हजार फुटांच्या वर आहे. आमच्यापैकी कोणी नेला नव्हता, हॉटेलच्या चादरी गुंडाळून सीता अम्मन देवळात गेलो. व्हिसाचं सरकारी साईटवर बघ, बदलत असतं.

पुढचीसीट :
सीता अम्मनला ओढ्याकाठच्या दगडावर हनुमानाच्या पावलांचे खळगे दाखवतात. माझी सासू तिथे ढसाढसा रडली. मी पण. कशाला ते माहीत नाही.

नानू ओयाला ट्रेनमध्ये बसवलं आम्हाला, बस रिकामी पुढे एल्लाला गेली. साडेतीन तास दारात उभी होते, चहा, धबधबे, ढग. तिथे कोणी सीट बदलायला सांगितलं नाही. काकू झोपल्या होत्या.

नाना_डोंबिवली :
@मृद्गंधा एम-सील लावलं का? नाहीतर अरल्डाईट. दोन तास हलवू नका.

मृद्गंधा :
नाना, आईला फोन केला होता. म्हणाली, "चिकटवत बसू नकोस, त्यात परत लसूण ठेवशील आणि हात कापेल. खापऱ्या कुंडीच्या तळाला टाक, पाणी निचरतं." आणि मग म्हणाली, आठच्या पुढे काय गं, ती पोरगी काय म्हणायची?
मला आठवेना. कोणाला येतं का?

केळवेकरीण :
नवय, दहय.