अर्थव्यवस्थेची उत्पादनाची मर्यादा खरंच ठरलेली असते का?

आकडेमोड:
मंदीत सरकारने खर्च वाढवावा म्हटलं की लगेच ऐकायला मिळतं, उत्पादनाला मर्यादा असते, जास्त रेटलं की महागाईच होणार. अहो पण ती मर्यादा नेमकी कुठे आहे? नव्वदच्या दशकात अमेरिकेत बरेच अर्थतज्ज्ञ धरून चालले होते की बेरोजगारी साडेपाच-सहा टक्क्यांच्या खाली गेली की महागाई भडकणार. २००० मध्ये ती ४ वर आली, २०१९ मध्ये साडेतीनवर, काही भडकलं नाही. म्हणजे त्या भीतीपोटी किती माणसं उगाच घरी बसवली असतील!

उलटतपासणी:
हाच अंदाज उलट्या बाजूनेही चुकतो ना. १९७३ नंतर तिथे उत्पादकता वाढायचा वेग मंदावला, ते वेळेत लक्षात आलं नाही, आणि अजून भरपूर वाव आहे असं समजून धोरण सैल ठेवलं गेलं. शेवटी महागाई रोखायला तिथल्या मध्यवर्ती बँकेचा प्रमुख व्होल्कर याने व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास नेले आणि १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्के झाली, मोजले कोणी ते हाल? माणसं, यंत्रं, तंत्रज्ञान, दीर्घकाळात एवढंच चालतं. नोटा ओतून रातोरात इंजिनियर तयार होत नाहीत.

आकडेमोड:
सत्तरच्या दशकात तेलाचे दोन झटकेही होते, ते का वगळता? आणि इंजिनियर रातोरात तयार होत नाहीत हे खरं, पण मंदीत ते वाया मात्र जातात, माझा मुद्दाच तो आहे. मी स्वतः दोन वर्षं कामाबाहेर होतो, परत आलो तेव्हा सगळी सॉफ्टवेअर बदललेली, पहिल्यापासून शिकावं लागलं. ब्लँशार आणि समर्स या अर्थतज्ज्ञांनी १९८६ मध्ये युरोपातल्या बेरोजगारीबद्दल हेच मांडलं होतं, मंदी लांबली की ती मर्यादाच खाली येते. २००८ नंतर अमेरिकेच्या संसदेच्या बजेट ऑफिसने क्षमतेचा अंदाज पुन्हा पुन्हा खाली आणला तो काय यंत्रं चोरीला गेली म्हणून?

मासळीवाला:
तुम्ही दोघंही माणसं आणि यंत्रंच मोजताय. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला बोटी होत्या, कोळी होते, जाळी आधीपेक्षा भारी होती, तरी १९९२ मध्ये कॉड मासेमारी बंद करावी लागली कारण मासाच उरला नव्हता. त्याआधीची सगळी वर्षं ती पकड उत्पादन म्हणूनच मोजली जात होती.

उलटतपासणी:
हा मुद्दा पटला. आकडेमोड, तुमचं २००८ चंही मान्य. पण अमेरिकेत २०२१ मध्येही वाव आहे म्हणूनच पैसा ओतला होता ना, जून २०२२ ला महागाई ९.१ टक्के. पुरवठा अडकला होता म्हणाल, मग अडकलेल्या पुरवठ्यावर अजून मागणी का लादायची?