टेकडीवरचा काळा पापुद्रा खरवडायचा का?

मुरमाड (धुळे तालुका):
आमच्या गावामागच्या बरड टेकडीवर यंदा पाणी अडवायला सलग समतल चर (उताराला आडवे खोदलेले लांब चर) खोदायचे घाटतंय. चरांना माझा विरोध नाही. पण मधली जागाही जेसीबीने साफ करून खड्डे घ्यायचे म्हणतात, ते मला पटत नाही.

मुरमावर दगडांच्या आडोशाला जो काळपट, खरखरीत थर दिसतो तो जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया (उन्हावर अन्न बनवणारे सूक्ष्म जिवाणू), दगडफूल आणि मॉस (शेवाळासारखी बुटकी वनस्पती) मिळून मातीचे कण धरून ठेवतात. जगातल्या साधारण १२ टक्के जमिनीवर असा थर आहे. मे महिन्यात मी त्यावर बाटलीच्या झाकणाने पाणी टाकलं. जळल्यासारखे दिसणारे मॉसचे झुपके बघता बघता उलगडले, हिरवेगार झाले. भिंगातून एकेक पान दांडीपासून सुटताना दिसत होतं.

याच जिवाला बदलत्या पावसाचा धोका आहे. मॉसला खरी मुळं नसतात. भिजलं की आधी साठ्यातलं खर्चून पेशींची डागडुजी, मग उन्हावर नव्या अन्नाची कमाई. कमाईच्या आत वाळलं तर पदरचं जातं. अमेरिकेतल्या युटामध्ये उन्हाळ्यात १.२ मिमीच्या बारक्या सरी वारंवार दिल्या, तेव्हा मॉसचं आच्छादन एकाच हंगामात सुमारे २५ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या खाली आलं. दुष्काळाने नाही, अपुऱ्या ओलीने! आपल्याकडचे एप्रिलचे अवकाळी शिंतोडे आठवा.

गिरणाकाठ:
दादा, कळकळ समजते, पण युटा ते युटा. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, जातीही वेगळ्या. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मॉसला कमवायला चार महिने मिळतात. एप्रिलच्या दोन शिंतोड्यांनी त्याचं दिवाळं निघतं, हे इथे कुणी मोजलंय?
आणि पापुद्रा म्हणजे चांगलाच, असं शेतकऱ्याला सांगू नका. काळ्या रानात पावसाने खपली धरली की कोंब अडकतात, पाणी वरून वाहतं. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, हे उगाच म्हणत नाहीत.

मुरमाड:
शेतातली खपली थेंबांच्या माराने बसते, ती निर्जीव. ती फोडायलाच हवी. काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, तिथे मॉसचा थर टिकतही नाही. मी बोलतोय ते टेकडीचं.
चार महिन्यांचं मात्र मान्य. फक्त पावसाळ्यातले उघडिपीचे दिवस धरा. सर येते, तासाभरात कडक ऊन. खंड लांबले तर तोटा पावसाळ्यातही होणार. मोजलेलं नाही म्हणून आधी खरवडायचं आणि मग मोजायचं का? मॉसचा थर परत यायला दशकं जातात.

जुना कृषी सहायक:
चाळीस उन्हाळे टँकर पाहिलेत मी. चर खोदले त्या गावांत विहिरींना पाणी वाढलेलं डोळ्यांनी पाहिलं. पिण्याच्या पाण्यापुढे शेवाळ आणू नका. चढावरचा गुळगुळीत थर पाणी पळवतो, हेही खरंच आहे.

मुरमाड:
आबा, गुळगुळीत थर पाणी पळवतो, खरंय. तेच पाणी खालच्या चरात येतं ना? वरची माती सुटली तर चर दोन पावसाळ्यांत गाळाने भरेल. मॉसचा झुपका पाणी धरतो, थेंबाचा मारही झेलतो. चर खोदा, मधले पट्टे सोडा. एवढंच मागतोय.

साक्रीकर ठेलारी:
यात शेवटी चराईबंदीच येणार, म्हणून आधीच लिहितो. आमची मेंढरं दिवाळीनंतर बाहेर पडतात, पावसाच्या तोंडावर परततात. थर कोरडा असताना पायाखाली चुरतो हे खरं, पण तेव्हा आम्ही टेकडीवर नसतोच. मुरमाचे ट्रॅक्टर असतात. त्यांच्याबद्दल धाग्यात एक ओळ नाही.

मुरमाड:
बरोबर बोललात, माझ्याकडून राहिलं. ग्रामसभेत मुरूम उपशाचा विषय आधी घेतो, चरांचा नंतर.

जुना कृषी सहायक:
पट्टे किती रुंद सोडायचे, ते आखून आण. मग बोलू.