चकलीच्या ऑर्डरी आणि ब्रेक-इव्हन: बीकॉमच्या कॉस्टिंगचे अनुभव टाका

परवा दिवाळीच्या चकल्यांचा भाव ठरवायला बसले. नवीन शेगडी, भांडी मिळून १२,००० गेलेत, किलोमागे २८० खर्च, विकायची ४०० ला. हिशोबाच्या वहीत आपोआप लिहिलं गेलं, काँट्रिब्युशन (किलोमागे उरणारे) १२०, म्हणजे १०० किलोला ब्रेक-इव्हन (ना नफा ना तोटा)! एसवायला (दुसऱ्या वर्षाला) कॉस्टिंगच्या, म्हणजे खर्चाच्या हिशोबाच्या, ह्याच पेपरात दोनदा केटी लागलेली (नापास!) हो मला. सर फळ्यावर 'फिक्स्ड कॉस्ट भागिले काँट्रिब्युशन' (फिक्स्ड म्हणजे शेगडीसारखा, माल किती केला त्यावर न ठरणारा खर्च) लिहायचे नि पुढचं गणित घ्यायचे, का ते कधी कळलंच नाही. शंभर किलोपर्यंत मी नुसती शेगडी फेडतेय हे आत्ता तळणीसमोर कळलं. तुमचं काय?

---

ताई शेगडी चार दिवाळ्या तरी चालेल ना? मग सगळे १२,००० ह्याच वर्षावर का टाकताय, वर्षाला ३,००० धरा, २५ किलोतच सुटाल

---

अगंबाई खरंच की! म्हणून केटी लागली 😂

---

आणि स्वतःची मजुरी? २८० मधे धरलीयेस का? नसणारच. माझी आई वीस वर्षं पापड करून 'फायदा झाला' म्हणायची, कंबरेचा हिशोब कुणी केलाच नाही.

---

आमचं किराणा दुकान. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) मॅडमनी विचारलं करंट रेशो (हातातला माल, उधारी, रोकड भागिले लवकर द्यायची देणी) किती असावा, मी म्हटलं २:१, पण आमच्या दुकानाचा ३:१ आहे तरी बाबांकडे फी भरायला पैसे नाहीत. मॅडम हसल्या, म्हणाल्या मग क्विक रेशो काढ. काढला की, माल वजा झाला पण उधारी तशीच राहते ना त्यात 😅 निम्मं गाव आमचं डेटर

---

मी मराठी माध्यमातून, 'परिव्यय लेखांकन' (कॉस्टिंगच ते) वाचूनच धडकी भरायची. पण 'ना नफा ना तोटा बिंदू' एकदम कळला, ब्रेक-इव्हनपेक्षा सोप्पा शब्द आहे. बाकी घाईत आहे, कुकर लावलाय.

---

व्हेरियन्स!!! (स्टँडर्ड म्हणजे ठरवलेला आणि ॲक्च्युअल म्हणजे झालेला खर्च, ह्यांतला फरक.) अख्ख्या पेपरात फेव्हरेबलच्या (फायद्याच्या) जागी ॲडव्हर्स (तोट्याचा) आणि उलट लिहून आलो होतो कारण वजाबाकीच उलटी केली, ॲक्च्युअलमधून स्टँडर्ड. वर्किंग नोट्सनी तारलं, ४१ मिळाले, पेढे वाटले घरच्यांनी

---

आम्ही पुढे आयसीडब्ल्यूएआय (कॉस्ट अकाउंटंटचा कोर्स) केलं, २०१२ ला संस्थेचं नाव बदललं, पण नातेवाईकांना दोन्ही नावं सारखीच. 'सीए-च ना?' हो मावशी, सीए-च.

---

कॉस्ट शीटमधे (खर्चाच्या तक्त्यात) भंगाराची विक्री वजा करायची मी हमखास विसरायचे. आता रद्दीवाल्याशी रुपयारुपयासाठी भांडते.

---

ते सगळं राहू द्या, ४०० ला भाजणीची का तांदळाची? पुण्यात पाठवता का?

---

भाजणीची. कुरियर वेगळं पडेल, व्यनि (खाजगी निरोप) करा

---

कुरियर व्हेरिएबल कॉस्ट (मालाबरोबर वाढणारा खर्च) बरं का 😜