ऑडिटचे दिवस: तुम्ही कसे निभावलेत?

गणपतीआधी माळा झाडताना बाबांची बिलांची तार सापडली. बोहरी आळीत आमचं हार्डवेअरचं दुकान होतं. एका वर्षी आयकरवाल्यांची स्क्रुटिनी, म्हणजे हिशेबाची तपासणी लागली, बाबा तीन रात्री झोपले नव्हते. साहेबांनी विचारलं, वर्षभराची एवढी रोख हमाली कुणाला दिली? बाबांनी तारेवरून एकेक व्हाउचर उतरवून पुढे ठेवलं. काहींवर सह्या, बाकी अंगठे. सगळी हमाली मान्य झाली. तार हातात घेतली आणि रडूच आलं. तुमचंही लिहा.

भोसरीकर
२०२३-२४ च्या ऑडिटला सीएंनी सगळ्यात आधी लहान पुरवठादारांची यादी मागितली. आयकराचं कलम ४३बी(एच). त्यांचे पैसे द्यायला लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसला तर १५. तेवढ्यात पैसे दिले नाहीत आणि मार्चअखेर बाकी राहिले, तर खर्च त्या वर्षी धरत नाहीत, देऊ त्या वर्षी मिळतो. आम्ही जॉबवर्कवाले, आमचेच पैसे नव्वद नव्वद दिवस अडकायचे. त्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाचा मार्चमध्ये स्वतःहून फोन आला, बिलं पाठवा म्हणून!! बायकोला लगेच सांगितलं.

सदाशिवपेठी
आर्टिकलशिपला (सीएंच्या हाताखालची उमेदवारी) होते तेव्हा ऑडिट रिपोर्टला ३० सप्टेंबरची शेवटची तारीख. बाहेर मिरवणुकीचे ढोल, आत आम्ही ३सीडी, म्हणजे टॅक्स ऑडिटचा फॉर्म भरतोय. एका खिळेवाल्यांचा स्टॉक जुळेना. खरेदी किलोत, विक्री पाकिटात. शेवटी त्यांच्या गोडाऊनमध्ये जाऊन पाकिटं वजन केली. त्या काकांनी सगळ्यांना साबुदाणा खिचडी खाऊ घातली, चव अजून आठवते

किराणावाला_कात्रज
टॅक्स ऑडिटची उलाढालीची मर्यादा १० कोटी झाली ना आता? मग आम्हाला कशाला ऑडिट

सदाशिवपेठी
दादा, रोख जमा आणि रोख खर्च दोन्ही ५ टक्क्यांच्या आत असतील तरच. नाहीतर १ कोटीच. आणि एकाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊ नका, तो खर्च नामंजूर होतो.

किराणावाला_कात्रज
आमचं निम्मं गिऱ्हाईक रोखीचं. बघतो. थँक्यू ताई

आईची_लेक
आयकराच्या पोर्टलवर तुमचाच ईमेल आहे ना ते आज बघा. आमच्या नोटिसा जुन्या सल्लागारांच्या मेलवर जात होत्या, उत्तराची मुदत टळून गेली. आईचं बीपी वाढलं होतं तेव्हा.

भोसरीकर
आई आता बऱ्या आहेत का?

आईची_लेक
हो, बरी आहे. आत्ता मोदकाची पिठी दळून आणायला गेलीय.
आणि धागा काढणाऱ्या ताई, बाबांची ती तार टाकू नका हं. डांबराच्या गोळ्या ठेवा जवळ, कसर लागते कागदाला.