नऊ एकांचा वर्ग हर्षद संख्या आहे का? एक्सेल आणि लेक, दोघांचं जमत नाहीये

फलाट_पाच:
लेक आठवीत आहे. तिच्या मते १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने नि:शेष भाग जातो, म्हणून हर्षद (स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणारी संख्या). मी शहाणपणा करून एक्सेलमध्ये गुणाकार टाकला, तर शेवटी ३००! १२३४५६७८९८७६५४३००. याची बेरीज ७८. आता घरात माझीच चेष्टा चाललीये. खरं कोण? आणि हा आकडा वाचायचा तरी कसा?

हातचा_एक:
लेक बरोबर. एक्सेल पंधराच अंक सांभाळतं, पुढे शून्यं भरतं. सोळा आकडी कार्ड नंबर टाकून मीही पोळलोय.

कागदावर मांडा. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे. उभ्या रकान्यात आधी एक, मग दोन, मध्यावर नऊ, पुन्हा उतरती. हातचा कुठेच येत नाही, म्हणून नक्षी टिकते. दहा एकांचा वर्ग केलात की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा सरकतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ येतं. उलटसुलट सारखं वाचण्याची मजा संपली.

८१ चं म्हणाल तर १२३४५६७९ ला (८ नाहीच, टायपिंगची चूक नव्हे) ९ ने गुणा. नऊ एक येतात. म्हणजे वर्गात ९ × ९ बसलेलेच आहेत.

वाचताना: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू... परार्धाला एकच घर कमी!

देवळालीकर:
या वर्गांना 'डेम्लो' म्हणतात. गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी दिलेलं नाव. डेम्लो म्हणजे आपलं डोंबिवली स्टेशन, जुन्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरचं. कल्पना त्यांना तिथे सुचली. 'हर्षद' हे नावही त्यांचंच, आनंद देणारी या अर्थाने. हे गृहस्थ आमच्या देवळालीत शाळामास्तर होते, १९६२ पर्यंत.

एक ते नऊ एकांचे वर्ग मी तपासले. हर्षद फक्त तीन: १ चा, १११ चा आणि हा.

हातचा_एक:
वा! मूळ अवयवही देऊन टाकतो: ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. एकूण विभाजक ४५. पूर्ण वर्ग असल्यामुळे ही गणती विषमच यायची. संख्या स्वतः सोडून बाकीच्या ४४ विभाजकांची बेरीज मात्र तिच्या निम्म्याच्या जेमतेम वर जाते, तेव्हा परिपूर्ण संख्या (जिथे ही बेरीज नेमकी संख्येइतकी येते) वगैरे विसरा.

फलाट_पाच:
वीजबिलाच्या पाठीवर ८१ ने भागलं. १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. मध्ये एकदा हातचा चुकला, तो लेकीने पकडला. आणि डेम्लो म्हणजे डोंबिवली? अहो, मी वीस वर्षं तिथूनच गाडी पकडतोय!