शब्द एकच 'विषारी', पण विषं तीन तऱ्हेची

अपर्णा_म
मालवणच्या मच्छीमारांसाठी एका पत्रकाचा अनुवाद करतेय. विषय 'हायड्रोफिस शिस्टोसस', आपल्याकडे उथळ पाण्यात आणि खाड्यांच्या तोंडाशी जाळ्यात नेहमी येणारा समुद्रसाप. गाडी अडलीय 'विषारी'पाशी. साप विषारी. तो शिंगाळा मासा खातो, त्या माशाचा काटा विषारी. केंड मासाही खातो, आणि केंड खाऊन माणूस दगावू शकतो, म्हणून तोही विषारी! दंशातून भिनणारं आणि पोटात जाऊन बाधणारं, यांत फरक कसा दाखवू?

विनायक जोगळेकर
'दंशविषारी' आणि 'भक्ष्यविषारी'. संस्कृतचा आधार असताना अडायचं कारण नाही.

रापणकर
काका, जेटीवर हे कोणी वाचणार नाही. आमच्याकडे सरळ सांगतात, ह्यो चावता, तो खाल्ल्यावर बाधता. क्रियापद वापरा, काम झालं.

सुलभा_केळकर
'विखारी' का नको? माझी आजी साप चावला की 'विखार चढला' म्हणायची. केंडाला तिने कधी विखारी म्हटलं नसतं.

निखिल_ठाणे
सुलभाताई, आता टीका विखारी असते, भाषण विखारी असतं. सापाकडे तो शब्द परत येणं कठीण.

विनायक जोगळेकर
मुळात 'विषारी' हाच शब्द संशयास्पद आहे. 'विषहारी' म्हणजे विष हरण करणारा. आपण उलटा अर्थ करून बसलो.

सुलभा_केळकर
पटत नाही. पुजारी, भिकारी यांच्यासारखाच घडलेला शब्द वाटतो मला. जवळ विष आहे तो विषारी.

डॉ_रत्नागिरी
व्युत्पत्ती बाजूला ठेवून एक सांगते. या सापाचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, सूजही नसते. म्हणून घरचे म्हणतात, 'विषारी नव्हता.' मग काही वेळाने, कधी काही तासांनी, अंग ठणकतं, मान-जबडा आखडतो, पापण्या जड होतात, लघवी काळपट लाल होते. स्नायू विरघळत असतात आणि ते मूत्रपिंडांना झेपत नाही. लोकांच्या मनात 'विषारी' म्हणजे सूज आणि वेदना. पत्रकात शब्द कोणताही घाला, पण 'दुखलं नाही तरी लगेच दवाखाना गाठा, हातपाय हलवू नका, जखम कापू-चोखू नका' हे वरच्या ओळीत हवं.

अपर्णा_म
आभार डॉक्टर, हे पहिल्या ओळीत घेते. आणि दंशावरच्या औषधाला 'प्रतिविष' लिहू की 'लस'?

विनायक जोगळेकर
प्रतिविष! लस आजाराआधी देतात. 'सापाची लस' हा प्रयोग चूकच आहे.

रापणकर
चूक असेल, पण सगळा किनारा तेच म्हणतो. प्रतिविष म्हटलं तर लोकांना दुसरं विष वाटेल.

डॉ_रत्नागिरी
इथे शब्दापेक्षा मोठी अडचण आहे. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी. समुद्रसाप त्यात नाही. ऑस्ट्रेलियात याच जातीच्या विषापासून लस बनते, ती आपल्या तालुक्याला कुठून मिळणार? इथे श्वासाचं यंत्र आणि डायलिसिस यांवरच भिस्त. म्हणून 'लस घ्या' एवढंच लिहू नका, मोठ्या रुग्णालयाचं लिहा.

निखिल_ठाणे
सापाला मराठी नाव काय देताय? वरच्या जबड्याचं टोक खालच्यावर वाकलेलं असतं, म्हणून 'चोच्या' कसा वाटतो?

रापणकर
चोच बघायला तोंडाजवळ कोण जाणार? शेपूट दाखवा, वल्ह्यासारखी चपटी. वाम मासा समजून हात घालतात तिथेच घात होतो. आणि पोट फुगलेलं असेल तर आत शिंगाळा असतो. एकदा शिंगाळ्याचा काटा सापाच्या कुशीतून आरपार आलेला पाहिलाय, तरी साप जिवंत होता. वळवळत होता, चावायला बघत होता.

विनायक जोगळेकर
'चोच्या' ग्राम्य वाटतं. 'चंचुमुख सागरसर्प' लिहा.

सुलभा_केळकर
ग्राम्य कसं? फुरसं, घोणस, दिवड ही नावं कुठल्या पंडिताने दिली?